धरमपेठेतले जगभरचे सण: भेटकार्डांच्या एका दुकानाविषयी

भेटकार्डे घेणारे गिऱ्हाईक आता उरले आहे का, असे नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या जुन्या स्टेशनरीवाल्याला विचारले, तर तो उत्तरादाखल माळ्यावरचा धूळ खात पडलेला गठ्ठा दाखवतो. अशा काळात धरमपेठेत, लक्ष्मीभुवन चौकापासून सहज चालत जाता येईल अशा गल्लीत, कोणी केवळ भेटकार्डांचे दुकान थाटावे आणि त्यातही एकेका देशाच्या सणांसाठी स्वतंत्र फळी राखावी, हे धाडसच म्हटले पाहिजे. या दुकानाचा कागद उत्तम आहे, छपाई बहुतांशी नेटकी आहे आणि किमती ४० रुपयांपासून २२० रुपयांपर्यंत आहेत. मात्र पाठवणाऱ्याला लिहायला जागा ठेवायची असते, याचे भान या दुकानाला काही फळ्यांवर आहे आणि काहींवर अजिबात नाही.

नाताळच्या फळीवरचे पहिल्या व्यापारी नाताळकार्डाचे पुनर्मुद्रण आवर्जून घ्यावे असे आहे. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून ते काढून घेतले होते, कारण सणाच्या दिवसांत येणाऱ्या पत्रांना एकेक करून उत्तर लिहिणे त्यांना अशक्य झाले होते. मधल्या चित्रात सहकुटुंब मद्याचे पेले उंचावलेले आहेत, दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देण्याची दृश्ये आहेत. एका लहान मुलीच्या ओठांनाही पेला लावलेला दिसत असल्याने मद्यपानविरोधी मंडळींनी त्या काळी बराच गहजब केला होता. लिहिण्याचे कष्ट वाचवण्यासाठी जन्मलेल्या या कार्डावरही घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या नावासाठी रिकाम्या जागा आहेत, आणि दुकानाने त्या तशाच ठेवल्या आहेत. त्याच फळीवरच्या चमकी लावलेल्या कार्डांविषयी न बोललेले बरे. ती हाताळल्यावर सदऱ्यावर दिवसभर चांदणे घेऊन हिंडावे लागते.

जपानची फळी दिसायला सर्वांत देखणी आणि तपशिलात सर्वांत कच्ची आहे. तेथे नववर्षाला पाठवतात ते ‘नेंगाजो’ हे साधे एकपानी पोस्टकार्ड असते. त्यावर बहुधा त्या वर्षाच्या राशीचा प्राणी असतो, टपाल खाते डिसेंबरभर ती कार्डे साठवून १ जानेवारीला घरोघरी गठ्ठ्याने पोचवते आणि खात्याच्या अधिकृत कार्डांवर १९४९ पासून सोडतीचा क्रमांकही छापलेला असतो. येथे मात्र त्या नावाखाली कंदील आणि चेरीचा बहर छापलेले घडीचे कार्ड लिफाफ्यासकट १८० रुपयांना विकले जाते. बहर वसंतातला, सण ऐन हिवाळ्यातला. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, ते घर नववर्षाची कार्डे पाठवत नाही आणि तसे कळवणारे साधे पत्र आप्तांना आधीच धाडते, ही प्रथा कार्डामागच्या माहितीत दिली असती तर दुःखाच्या वर्षी सण न करणाऱ्या आपल्या घरांना ती फार जवळची वाटली असती.

चिनी नववर्षाच्या लाल पाकिटांवर दुकानाने आपल्या आहेराच्या पाकिटासारखे एक रुपयाचे नाणे चिकटवले आहे. कल्पना गमतीची असली तरी ती तेथील रीतीच्या नेमकी उलट आहे. आपण १०१ किंवा ५०१ देतो, तर चिनी शुभकार्यात रक्कम सम असावी लागते, तीतही चारचा आकडा टाळतात, आणि विषम रक्कम अंत्यविधीच्या प्रसंगी देतात. ही पाकिटे भाच्याच्या मुंजीला खुशाल वापरावीत. चिनी सहकाऱ्याला देऊ नयेत.

डेन्मार्कचा संच मला सर्वांत आवडला. ईस्टरच्या आधी तेथील मुले कागदाला घड्या घालून, कात्रीने जाळी कापून, त्यावर एक कोड्यासारखी कविता लिहितात आणि सहीऐवजी नावात जितकी अक्षरे तितके ठिपके देतात; पाठवणारा ओळखता आला नाही तर घेणाऱ्याने त्याला ईस्टरचे अंडे द्यायचे, हल्ली बहुधा चॉकलेटचे. दुकानाच्या संचात पातळ कागद, नमुना आणि लिहायला कोरी जागा आहे. ठिपके मात्र आधीच छापलेले आहेत, तेही चारच, त्यामुळे हा खेळ ठरावीक नावांच्याच मुलांना खेळता येईल. त्या देशाच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटपच बंद केले, हे ठाऊक असल्यामुळे असेल, पण ९० रुपये देताना मी घासाघीस केली नाही.

आपल्याकडच्या फळीविषयी संमिश्र मत आहे. संक्रांतीची कार्डे छापील चारोळ्यांनी इतकी भरली आहेत की सही करायलासुद्धा कोपरा शोधावा लागतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्डावर दीक्षाभूमीचा स्तूप उठावाच्या छपाईत फार सुरेख आला आहे आणि १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख खाली बारीक टाइपात आहे. आत दोन्ही पाने कोरी. सर्वांत अस्सल नागपुरी वस्तू म्हणजे मारबतीचे कार्ड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या, रोगराई आणि इडापीडा घेऊन जाणाऱ्या पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांची चित्रे बाहेर आहेत, आत ‘घेऊन जा गे मारबत’ एवढीच ओळ आणि तिच्यावर रिकामी जागा. काय घेऊन जायचे ते ज्याने त्याने लिहावे. आजारातून उठणाऱ्या एका मित्राला मी हे पाठवले आणि त्यात त्याच्या पथ्याच्या जेवणाचाही समावेश केला.

दुकानात लिफाफे वेगळे मिळतात आणि मालक कार्ड वजन करून देतात, ही सोय मोलाची आहे, कारण पॉप-अप कार्डे लिफाफ्यासह सहज २० ग्रॅमच्या वर जातात आणि मग तिकीट जास्त लावावे लागते. गाडी गल्लीत नेऊ नये, संध्याकाळी वळवता येत नाही.