साउथ ब्रिज बदलला म्हणे!

खानापुरात माझं फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. आरटीसीचे (आमच्या कर्नाटकातला सातबारा) उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज, झेरॉक्स. मे महिन्यात एका दुपारी मी शहाण्यानं लॅपटॉपला लावलेल्या एकाच यूएसबी हबला (एका पोर्टाचे चार करणारी डबी) अंगठ्याचं मशीन, जुनी हार्ड डिस्क, गिऱ्हाइकाचा मोबाईल आणि वर उकडतंय म्हणून छोटा पंखाही लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'पॉवर सर्ज'चा मेसेज आला आणि तिन्ही पोर्ट गप्प. लॅपटॉप मात्र चालू.

बेळगावला एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं माउस लावून बघितला, मान हलवली.

"साउथ ब्रिज गेलाय सर. बोर्डावरची यूएसबी सांभाळणारी चिप. बदलावी लागतंय. साडेसहा हजार."

"एवढे?"

"नवा बोर्ड घेतला तर पंधरा जातील की."

चार दिवसांनी आणायला गेलो. पोर्ट चालू होते, पैसे मोजले. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी पडतंय, कशाला उगाच?" मलाही ते पटलं, हे कबूल करतो.

तीन आठवड्यांनी माझाच आगाऊपणा परत नडला. तोच हब, तोच पंखा, तसाच मेसेज. संध्याकाळ, धो धो पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी अर्जांची शेवटची तारीख. डिप्लोमा करणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मामा, आधी पोर्टात टॉर्च मारून बघा. पट्टी वाकून कडेच्या पत्र्याला लागली नाही ना? मग लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा, सगळ्या पिना काढा, बॅटरी काढा. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. दहा मिनिटं तसाच ठेवा."

बॅटरी काढायला लॅपटॉप पालथा केला आणि हात थांबला. दोन वर्षांपूर्वी एसएसडी (नवी वेगवान डिस्क) घातली तेव्हा मधल्या स्क्रूवर कागदी सील लावलेलं. त्यावर माझ्याच हातची, निळ्या पेनची तारीख. सील जसंच्या तसं. बॅटरी बाहेरूनच निघते, पण तो स्क्रू काढल्याशिवाय खालचं झाकण निघतच नाही.

दहा मिनिटांनी चालू केला. माउसचा लाल दिवा लागला.

भाच्यानं सांगितलं ते असं: साध्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिॲम्पियर आणि निळ्या, यूएसबी ३ पोर्टमधून ९०० एवढाच करंट मिळायचा ठरलेला. जास्त ओढला की पोर्ट जळू नये म्हणून लॅपटॉप आपणच पुरवठा तोडतो, आणि कधीकधी पूर्ण वीज काढल्याशिवाय तो परत जोडत नाही. एवढ्यानं नाही जमलं तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करायचे आणि रीस्टार्ट करायचं. त्यानंतरही पोर्ट मेलेलेच राहिले तर मग दुकान. आणि माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा नंबर ऐकून तो हसायलाच लागला. इंटेलच्या या यू मालिकेत ती चिप प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते. बोर्डावर वेगळा साउथ ब्रिज नाहीच, मग बदलला काय?

सोमवारी लॅपटॉप घेऊन परत गेलो. सील दाखवलं.

"ते आम्हीच परत चिकटवलंय."

"तारीखही तुम्हीच घातली? माझ्या अक्षरात?"

त्यानं सील नखानं जरा खरवडून बघितलं. "बिल दाखवा सर, मग बोलूया."

१९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनीही पहिलं तेच विचारलं.