किचनचा डिजिटल वजनकाटा: आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

साधाच काटा आहे, ५ किलोपर्यंत वजन घेतो, १ ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण या टाइपचे सगळे काटे साधारण सारखेच असतात आणि मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आठवड्यातून चार दिवस वेट ट्रेनिंग करते, वजन ६० किलो. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅम म्हणजे दिवसाला साधारण ९६ आणि कार्ब (कार्बोहायड्रेट, भात-पोळीतून मिळणारी ऊर्जा) किलोमागे ४ ग्रॅम म्हणजे २४० असं टार्गेट ठरवलं होतं. वहीत आकडे नीट जुळत होते, पण स्क्वॉटच्या (वजन घेऊन उठाबशा) तिसऱ्या सेटला पायात जीवच राहायचा नाही. वाटलं प्रोटीन कमी पडतंय, म्हणून पावडरचा दुसरा स्कूप चालू केला. काही फरक नाही.

मग एका रविवारी कच्चा तांदूळ मोजून बरोबर १०० ग्रॅम घेतला, शिजवला आणि तोच भात परत काट्यावर ठेवला. २८० ग्रॅम! कार्ब तेवढेच, ८० च्या आसपास, बाकी सगळं पाणी. आणि मी इतके दिवस शिजलेला भात मोजून त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावत होते, म्हणजे दिवसाचा ३०० ग्रॅम भात मी २४० ग्रॅम कार्ब म्हणून लिहायचे आणि पोटात जायचे फक्त ८४. ओट्स आणि केळं धरलं तरी १४० च्या वर जात नव्हतं.

चिकनचं बरोबर उलटं. शिजताना पाणी निघून जातं, त्यामुळे कच्च्या १०० ग्रॅम ब्रेस्टमध्ये २२-२३ ग्रॅम प्रोटीन असेल तर शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३० च्या आसपास असतं. म्हणजे प्रोटीन मी कमी लिहीत होते, कार्ब जास्त लिहीत होते, आणि जे मुळात पुरत होतं तेच अजून वाढवत बसले होते. हे कळल्यावर खरंच वाईट वाटलं, किती महिने गेले यात.

दुसरा स्कूप बंद केला, भात आणि ओट्स वाढवले, त्यातले बरेचसे वर्कआउटच्या दोन तास आधी. चार-पाच दिवसांत दीड किलो वजन वाढलं. घाबरू नका, शरीर कार्ब ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब एकदम तोडल्यावर पहिल्या आठवड्यात जे वजन झपकन उतरतं त्यातलं बरंचसं हेच पाणी असतं, चरबी नाही. तिसऱ्या आठवड्यात स्क्वॉटचे पाचही सेट पूर्ण झाले.

आता काट्याबद्दल. टेअर बटण सगळ्यात कामाचं, भांडं ठेवा, शून्य करा, मग एकेक वस्तू टाकत जा. पीनट बटरची बरणीच ठेवून शून्य करायची, चमचा काढला की मायनसमध्ये दिसतं किती घेतलं, माझा 'एक चमचा' ३४ ग्रॅमचा निघाला म्हणजे जवळपास २०० कॅलरी, आणि प्रोटीन त्यात जेमतेम ८ ग्रॅम. लोक ते प्रोटीन म्हणून खातात, खरं तर निम्मं फॅट आहे.

तक्रारी दोन. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, कांदा चिरेपर्यंत आकडा गायब, परत पहिल्यापासून. आणि मोठं भांडं ठेवलं की डिस्प्ले झाकला जातो, वाकून बघावं लागतं. हळूहळू टाकलेले २-३ ग्रॅम कधीकधी पकडत नाही, पण जेवणाला त्याने काही बिघडत नाही.

किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि ज्यांना जेवणाचं आधीच टेन्शन येतं त्यांनी रोज मोजू नये, मी पण आता रोज मोजत नाही, भाताचा डाव किती ग्रॅमचा ते डोळ्यात बसलंय. नवीन घेणार असाल तर डिस्प्ले पुढे आलेला आणि ऑटो-ऑफ बंद करता येणारा बघा, आणि वहीत प्रत्येक आकड्यापुढे 'कच्चं' की 'शिजलेलं' ते लिहायला पहिल्या दिवसापासून सुरुवात करा. ५ पैकी ४ स्टार.