अर्धवट ओटा, गंजलेली दारं आणि ६,०४,७८० रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे हे कशासाठी लिहितोय ते कळेल. ६ लाख ४ हजार ७८० रुपये. बाहेरचं स्वयंपाकघर बांधून देणाऱ्या एका ठेकेदारापायी एवढे पैसे जाऊन माझ्या अंगणात आज काय आहे, तर साडेअकरा फुटांचा विटांचा ओटा, त्याला गंजलेली चार दारं, आणि मधोमध जिथे ग्रिल बसायचं होतं तिथे बत्तीस इंचांचं भगदाड. त्यावर निळी ताडपत्री बांधली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "काय बांधताय?" आणि मी विषय बदलतो. गेले कित्येक महिने बदलतोय. आता बस.

रायगडच्या किनाऱ्यावर आमचं वडिलोपार्जित घर आहे. नोकरी सोडल्यावर तिथे चार खोल्यांचा होमस्टे सुरू केला. स्वयंपाक बायको बघते, बाकी सगळं मी. तिसरं माणूस नाही. (हे लक्षात ठेवा, पुढे ठेकेदाराच्या वकिलाने याच मुद्द्यावर आम्हाला छळलं.) थंडीत आम्ही पाहुण्यांसाठी पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, आणि वरून पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. लोक खूश असतात. पण वर्षभर विचारणा असते ती बार्बेक्यूची. म्हणून ठरवलं की एकदाच नीट, पक्कं, बाहेरचं स्वयंपाकघर बांधून घ्यायचं. गॅसवरचं चार बर्नरचं ग्रिल, बाजूला एक शेगडी, सिंक, कापाकापीला ओटा.

मी भोळा माणूस नाही. २६ वर्षं कारखान्याच्या पर्चेसमध्ये काढली आहेत. तीन कोटेशनं मागवली आणि ज्याला काम दिलं त्या ठेकेदाराचं मधलं होतं. स्वस्ताच्या मोहाने गेलो असतो तर निदान स्वतःला शिव्या घालायला कारण असतं.

तो एकदाच आला, सकाळी अकराला. लेझरच्या टेपने मापं घेतली, चहा घेतला, बायकोच्या हातच्या घावनांचं कौतुक केलं. "काका, तुम्ही फक्त ग्रॅनाइटचा रंग निवडा, बाकी माझ्यावर सोडा." आठ दिवसांनी लेआउट आणि थ्रीडी चित्रं आली. त्याचे २५,००० रुपये. चित्रं इतकी सुंदर होती की बायकोने ती फोनच्या वॉलपेपरला लावली.

त्या लेआउटमध्येच सगळं दिसत होतं. ओट्याखाली सिलिंडरसाठी बाहेर ओढायचा ट्रे दाखवला होता आणि त्यावर लिहिलं होतं '२० पाउंड टँक'. पाउंड! आपल्याकडे सिलिंडर पाउंडात कोण मोजतं? २० पाउंड म्हणजे जेमतेम नऊ किलो. तो अमेरिकेतला टँक. आपला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडरसुद्धा त्या वीस इंचांच्या खणात उभा राहत नाही, आणि होमस्टेला तर १९ किलोचा कमर्शियल लागतो. म्हणजे कुणाचंतरी परदेशातलं ड्रॉइंग उचलून त्यावर माझ्या घराचं नाव टाकलं होतं. मी ते वाचलं होतं. विचारलंही होतं. तो म्हणाला, "ते सॉफ्टवेअर तसं लिहितं, काका." आणि मी गप्प बसलो.

दुसरी गोष्ट आमच्या गवंड्याने सांगितली, पहिल्याच दिवशी. रेषा मारताना उठून उभा राहिला आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "भाऊ, संध्याकाळचं वारं खाऱ्याकडनं येतं. चूल इथं मांडलीत तर धूर सगळा पडवीत जाणार." बरोबर होतं. ग्रिल पडवीच्या पश्चिमेला, म्हणजे नेमकं वाऱ्याच्या तोंडावर काढलं होतं. जो माणूस सकाळी अकराला येऊन गेला त्याला संध्याकाळचं वारं काय कळणार? तुम्ही बांधणार असाल तर आधी त्या जागेवर संध्याकाळी पालापाचोळा पेटवून बघा आणि धूर कुठे जातो ते डिझायनरला उभं करून दाखवा. तो यायला तयार नसेल तर त्याला काम देऊ नका.

गवंडी आणखीही बोलला होता, की सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोकं नाहीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून जमिनीलगत झरोके लागतातच. लेआउटमध्ये चारही बाजू बंद. देवाच्या कृपेने तिथे गॅस कधी जोडलाच गेला नाही.

एकूण कोटेशन ६,६५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,८४,७००. चाळीस टक्के आगाऊ, ३,१३,८८०. हे फर्मच्या खात्यात गेले. एप्रिलमध्ये ओटा उभा राहिला, मेच्या सुरुवातीला स्टीलची दारं आली.

दारं बसवताना त्याच्या माणसाने खिशातून चुंबक काढलं. दाराला लावलं, चिकटलं नाही. "बघा साहेब, ओरिजिनल ३०४." ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड. मी स्वतः चुंबक हातात घेऊन चारही दारांना लावून बघितलं, बायकोलाही दाखवलं. समाधान झालं. आता ऐका: २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. तेही ३०४ सारखंच, फक्त निकेल कमी आणि मँगनीज भरपूर, म्हणून स्वस्त आणि म्हणून गंजतं. चुंबकाने यातलं काहीही सिद्ध होत नाही. जूनचे पहिले चार पाऊस झाले आणि दारांच्या कडेने तांबूस ठिपके उठले. जुलैत बोट फिरवलं तर बोट लाल व्हायचं. मग एका फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने बॅटरी लावून टेस्टिंगच्या लिक्विडचा थेंब टाकला, थेंब लालसर झाला. २०२. ती बाटली स्टीलच्या बाजारात सहज मिळते. दार बसवायच्या आधी थेंब टाकून घ्या. आणि समुद्रालगत घर असेल तर ३०४ सुद्धा डागाळतं, ३१६ मागा. हे सांगणं त्या 'स्पेशालिस्ट'चं काम होतं.

पण पैसे बुडाले ते खरे मे महिन्यात.

फोन आला की ग्रिल न्हावा शेवाला आलंय, कस्टम ड्युटी आणि क्लिअरिंगचे १,८५,००० आज-उद्यात भरले नाहीत तर डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा दंड, चढेल. कंटेनरचा फोटो पाठवला. ड्युटी कोटेशनमध्ये धरलीय असं मी म्हटलं, तर म्हणाला, "शेवटच्या बिलातून वजा करतो काका, माझे पैसे दुसऱ्या साइटवर अडकलेत, नाहीतर तुम्हाला बोललोही नसतो." यूपीआयची मर्यादा दिवसाला एक लाख, म्हणून आज १,००,००० आणि उद्या ८५,००० असं ठरलं. त्याने नंबर पाठवला.

तो क्षण मी विसरू शकत नाही. दुपारची वेळ, मी पडवीत झोपाळ्यावर. नंबर टाकला, आणि स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. फर्मचं नाही, त्याचं नाही. आडनावसुद्धा वेगळं. मी थांबलो. खरोखर थांबलो, अर्धा मिनिट तरी ते नाव बघत बसलो होतो. फोन केला. "फर्मचं खातं ऑडिटमुळे बंद आहे काका, हे क्लिअरिंग एजंटच्या मिसेसचं." ऑडिटला खातं बंद होत नसतं! २६ वर्षं मी ऑडिटरच्या समोर बसलो आहे! पण ओटा उभा होता, दारं लागली होती, सव्वातीन लाखांवर पैसे आधीच गेले होते, आणि डिसेंबरची बुकिंगं डोळ्यासमोर होती. मी पिन टाकला. दुसऱ्या दिवशी परत टाकला. तेच नाव, तीच बाई.

विचारायचं होतं एवढंच: बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालासाठी कस्टममध्ये भरलेल्या कागदाचा, नंबर दे. तो नंबर कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर टाकला की कस्टममध्ये त्या मालाचं काय झालंय ते दिसतं. न्हावा शेवा माझ्याच जिल्ह्यात आहे, सकाळी निघालो असतो तर जेवायच्या वेळेला परत आलो असतो.

त्यानंतरही ग्रॅनाइट आणि वाहतुकीचे म्हणून ६२,४०० दिले, त्याच खात्यावर. ग्रॅनाइट आलं नाही. जूनमध्ये फोन उचलणं बंद, जुलैत नंबर बंद. गवंडी आणि त्याचे दोन मदतनीस दारात आले, त्यांची मजुरीही ठेकेदाराने दिली नव्हती. १८,५०० मी दिले. गावातली माणसं आहेत, त्यांचा काय दोष?

मग सुरू झाल्या चकरा.

आमच्या बाजूच्या पोलीस ठाण्यात विचारलं गेलं, त्याचं ऑफिस कुठे? शहरात. मग तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात विचारलं, काम कुठे झालं? गावाला. मग तिकडे जा. मी कागद काढून दाखवला की १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्या. साहेबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. ओट्याचे फोटो मात्र मोबाइलवर मोठे करून बघितले आणि म्हणाले, "हे काय, काम केलंय की त्याने. फसवणूक कुठे आहे? अर्धवट काम म्हणजे सिव्हिल मॅटर. वकील गाठा."

मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय ते हेच. हे लोक पैसे घेऊन लगेच पळत नाहीत. ओटा बांधतात, दारं लावतात, लाख-दीड लाखाचं काम उभं करून ठेवतात. ते काम तुमच्यासाठी नसतंच, ते पोलीस ठाण्यातल्या त्या एका वाक्यासाठी असतं. खोटं स्टील खरं म्हणून विकणं, न आलेल्या मालाची ड्युटी उकळणं, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? चार खेपा झाल्यावर त्यांनी 'अर्ज' घेतला. एफआयआर नाही, अर्ज. तो 'चौकशीवर' आहे. प्रत्येक वेळी नवा माणूस समोर बसतो आणि म्हणतो, सुरुवातीपासून सांगा. एकाने तर विचारलं, "एवढे पैसे बार्बेक्यूला?" माझे पैसे मी कशाला घालवले यावर माझी उलटतपासणी! पोलीस अधीक्षकांना कलम १७३(४) खाली रजिस्टर्ड पोस्टाने लिहिलं. पोचपावती आली, उत्तर नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नंबर मिळाला. पण तोवर दोन महिने उलटले होते, त्या खात्यात काय उरणार? संशय आला त्याच तासाला १९३० लावा. बँकेत गेलो तर काउंटरवर उत्तर मिळालं की पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे. ती बाई कोण, हे विचारायचा मला अधिकार नाही म्हणे. माझे १,८५,००० आणि ६२,४०० जिच्या खात्यात गेले तिचा पत्ता मला कळू शकत नाही, गोपनीयता!

शेवटी ग्राहक आयोग. इथे एक बरं आहे, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या गावाला जावं लागत नाही. मोबदला पाच ते दहा लाखांच्या मधला असेल तर फी २०० रुपये. मुदत दोन वर्षं, ती चुकवू नका. पण पहिली नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' शेरा मारून परत आली. दुसऱ्या पत्त्यावर लागली, तेव्हा त्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला की हा होमस्टे आहे, व्यापारी हेतू आहे, म्हणून हे ग्राहकच नाहीत. पाहुण्यांची ताटं माझी बायको स्वतः वाढते, चादरी मी धुतो. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे, ते सिद्ध करायला आता आम्ही तीन वर्षांची बिलं आणि बँकेची स्टेटमेंटं जमा करतोय. चोर आम्हाला विचारतो, तुम्ही ग्राहक आहात का!

कोटेशनवरचा जीएसटी नंबर मी नंतर नीट पाहिला. आधी पाहायला हवा होता. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅन. त्या पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, सी असेल तर कंपनी, पी असेल तर एकटा माणूस. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलं होतं आणि सहावं अक्षर पी होतं. पोर्टलवर टाकलं तर नोंदणी रद्द झालेली, आमच्या कोटेशनच्याही आधी. माझ्याकडून घेतलेला १८ टक्के कर कुणाच्या खिशात गेला हेही मी संबंधित खात्याला लिहून कळवलं. उत्तर नाही.

ग्रिल हातात येऊन त्याचं कट-आउटचं माप मिळाल्याशिवाय विटेला वीट लावू देऊ नका. आमचं बत्तीस इंचांचं भगदाड कुठल्या ग्रिलसाठी पाडलं हे मला आजही माहीत नाही, कारण तसं ग्रिल नव्हतंच.

आणि एक. मागच्या महिन्यात मुलीने एक जाहिरात पाठवली. नाव नवं, नंबर नवा, 'कोकणातलं आमचं पूर्ण झालेलं काम' म्हणून फोटो. आमचाच ओटा. दारं नवी असतानाचा फोटो आहे, भगदाडाच्या जागी ग्रिलचं चित्र चिकटवलंय. कापायचा राहिलेला डावा कोपरा बघा, तिथे आमच्या विहिरीचा रहाट आणि शेजारी उपडं ठेवलेलं पोपटीचं मडकं दिसतं. तो फोटो कुणी तुम्हाला दाखवला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.