रेस्टलेस लेग्ज: प्रॅमिपेक्सोल, लोह आणि प्रीगाबॅलिन, चौदा महिन्यांनंतर

रात्री आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू व्हायची. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. पाय हलवल्याशिवाय चैनच पडत नसे. या आजाराला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. स्वयंपाकघरातल्या गार लाद्यांवर फेऱ्या मारल्या की थांबायचं, अंथरुणात शिरलं की परत तेच. पहिल्या डॉक्टरांनी झोपेसाठी गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी दिली. त्या जातीच्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो, हे मला फार उशिरा कळलं.

मग न्यूरोलॉजिस्टनी प्रॅमिपेक्सोल लिहून दिलं, 0.125 मिलिग्रॅम, झोपण्याआधी दोन-तीन तास. मूळचं हे पार्किन्सन्सचं औषध. अमेरिकेत 2006 साली या आजारासाठीही मंजूर झालं. पहिल्याच रात्री सलग सहा तास झोपले. सकाळी उठून अक्षरशः रडले.

सातव्या महिन्यात सगळं बिघडलं. संध्याकाळी सीएसएमटीहून लोकलमध्ये खिडकीची सीट मिळाली होती, दादर यायच्या आत पाय खेचायला लागले. मी उठले. समोरच्या ताईंनी विचारलं, "दादरला उतरताय?" म्हटलं, "नाही, मुलुंड. बसा तुम्ही." पूर्वी अकराला येणारी वळवळ सहालाच यायला लागली होती, शिवाय हातांतही. डोस वाढवला, तर महिनाभर बरं, मग आणखी वाईट. याला ऑगमेंटेशन म्हणतात. औषधानेच आजार लवकर आणि जास्त जाणवायला लागतो. 2025 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच हे औषध सरसकट वापरू नये असं आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं: 18. हिमोग्लोबिन मात्र ठीक होतं, 12.4, म्हणून तोवर कोणाला शंकाच आली नव्हती. लॅबच्या कागदावर 18 'नॉर्मल'मध्येच होतं, पण या आजारात 75 पर्यंत असलं तरी लोह देतात. ही तपासणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती, याचा राग अजून गेलेला नाही. लोहाची गोळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा तासाभराने. प्रॅमिपेक्सोल डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवलं. ते तीन आठवडे फार वाईट गेले. एकदम बंद कृपा करून करू नका.

आता रात्री प्रीगाबॅलिन घेते, हे नसांच्या दुखण्यावरही देतात ते औषध. सकाळी डोकं जड असतं, तीन किलो वजन वाढलंय, घोट्यांना थोडी सूज येते. पण फेरिटिन 61 वर आलंय आणि परतीच्या लोकलमध्ये मी मुलुंडपर्यंत बसून येते.