नवा पत्रा सांगितला, निघाली पुट्टी

इंजिनातली लबाडी फार काळ लपत नाही. धूर, आवाज, तेलाचा खप, कुणीतरी चुगली करतंच. पत्र्यातली लबाडी मात्र रंगाखाली निवांत बसते. मला फसवलं ते तिथेच.

माझी जुनी गाडी मोनोकॉक बांधणीची. वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यात दारांखालून जाणाऱ्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पेटीवर, बरंच काही अवलंबून असतं, आणि माझे दोन्ही सिल गंजून जाळी झालेले. बॉडीवाला म्हणाला, कुजलेलं सगळं कापतो, नवा पत्रा वेल्ड करतो. पैसे बेताचेच, म्हणून रंग नंतर, सीटा नंतर, आधी हे काम असं ठरलं. तो अधूनमधून फोटो पाठवायचा: कापलेला सिल, उडणाऱ्या ठिणग्या, कोरा पत्रा. गाडी परत आली तेव्हा सिल गुळगुळीत, खालून अंडरकोटिंगचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लेपाचा, काळा जाड थर, आणि दारांभोवतीच्या फटी जशाच्या तशा.

त्या फटींचं मी चारचौघांत कौतुकही केलं. सिल कापला की बॉडी झुकू शकते. म्हणून चांगला कारागीर आधी दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करतो, आणि तरीही फटी जुळवताना त्याचा घाम निघतो. इथे त्या हलल्या नव्हत्या, कारण कुणी काही कापलंच नव्हतं.

पुढे टायर बदलायला जॅक लावला आणि तो कर्रकन आत घुसला. आतून निघालं काय, तर जुना गंज, ठासून भरलेला फोम, त्यावर ॲल्युमिनियमची जाळी आणि वर बोटभर पुट्टी. फोटो मोठे करून पाहिले. त्यातल्या फ्लोअरचा रंगच वेगळा, गाडी भलत्याच कुणाची. पाणी निघून जायला सिलच्या तळाशी भोकं असतात, तीही बुजवलेली. म्हणजे उरलासुरला पत्रा आतून सडायची सोय झाली. आणि बाजूने धडक बसली तर ती झेलणार कोण, फोम?

पुट्टीवर माझा राग नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरचा हात द्यायला ती हवीच. पण भोकं बुजवायचं ते साधन नव्हे.

तुम्ही असं काम देणार असाल तर अंडरकोटिंगच्या आधी, वेल्ड उघडे दिसत असताना, स्वतः जाऊन बघा. पैशांचा मोठा हप्ता त्या दिवसासाठी राखून ठेवा. फोटोत चासी नंबर किंवा नंबरप्लेट दिसलीच पाहिजे असं आधीच सांगा. कापून काढलेला पत्रा परत मागा. ज्याने खरोखर कापलाय त्याला तो द्यायला जड जात नाही. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवर फिरवा: पातळ रंगावर ते धरतं, जाड पुट्टीवर घसरतं. मात्र कुणी सडलेल्या सिलवर नुसता पातळ पत्रा चढवला असेल तर चुंबक तिथेही धरेल, म्हणून वाकून खालची कडही तपासा. पत्रे तिथे एकमेकांना वेल्ड केलेले असतात. ती कड पुट्टीत बुडालेली दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

बॉडीवाला आता फोन उचलत नाही. दुसऱ्या वेल्डरने आधी ती सगळी पुट्टी खरवडून काढली, त्याचीही मजुरी मलाच पडली. उजवा सिल झालाय, डाव्यासाठी पैसे साठवतोय. तोवर गाडी उभीच आहे, आणि डाव्या बाजूला जॅक लावू नये अशी चिठ्ठी डिकीत चिकटवली आहे.