कृष्णधवल प्रिंटसाठी प्रिंटर: रंग किती ते सोडा, करड्या शाया मोजा

प्रिंटर घ्यायला गेलात की दुकानदार आधी सांगतो, ‘सहा कलरचा आहे, हा दहा कलरचा.’ कृष्णधवल छापणाऱ्याने एवढंच विचारावं: त्यात करड्या शाया किती? करडी शाई नसेल तर प्रिंटर ती छटा बरीचशी निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या थेंबांतून जुळवतो. मग ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेला प्रिंट खिडकीपाशी नेला की हिरवट किंवा जांभळट झाक मारतो.

या कसोटीवर एप्सनचा एल १८०५० लगेच बाद होतो. टाकीवाला (कार्ट्रिजऐवजी टाकीत शाई ओतायची), सहा शायांचा, रंगीत कामाला स्वस्त आणि छान. पण करडी शाई एकही नाही. टाकीवालाच हवा असेल तर एल ८१८० बघा. त्यात एक करडी आहे. त्याच्या फोटोसाठीच्या शाया डाय प्रकारच्या, म्हणजे रंग विरघळवलेल्या. त्या चकचकीत पेपरवर खुलतात, पण उजेडात पिगमेंट शायांइतक्या, म्हणजे बारीक रंगकणांच्या शायांइतक्या, टिकत नाहीत. शिकण्यासाठी, अल्बमसाठी चालेल. प्रदर्शनात विकायचे प्रिंट मी त्यावर काढणार नाही.

खरी निवड कॅनन प्रो-३०० आणि एप्सन पी७०० यांत. दोन्ही १३ इंच रुंद पेपरपर्यंतचे, दोन्ही पिगमेंट, दोन्हींत दहा कार्ट्रिज. कॅननच्या दहांत एक लाल आणि एक क्रोमा ऑप्टिमायझर नावाची पारदर्शक शाई, त्यामुळे करडी एकच उरते. गंमत म्हणजे त्याच्याच धाकट्या प्रो-२०० मध्ये दोन करड्या आहेत, पण त्या डाय. पी७०० मध्ये करडी, फिकट करडी आणि काळी अशा तीन पायऱ्या मिळतात. धुकं, ढग, त्वचा अशा फिक्या भागांत हा फरक दिसतो. शिवाय त्याच्या ड्रायव्हरमधला (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ मोड रंगीत शाया अगदी थोड्याच वापरतो आणि छटा उबदार की थंड, हे आपल्याला ठरवता येतं.

मात्र पी७०० वर छापलेला चकचकीत पेपर तिरका धरून बघा. जिथे निव्वळ पांढरं आहे तिथे शाई पडत नाही, म्हणून चकाकी तुटते. कॅननची पारदर्शक शाई हे झाकते. तेव्हा चकचकीत पेपरच आवडत असेल तर कॅनन, मॅट किंवा कापसाचा पेपर असेल तर एप्सन. माझा कल एप्सनकडे आहे.

सेकंडहँड एप्सन ३८८० किंवा पी८०० स्वस्तात मिळाला तर मोह होईल. पण त्यांत मॅट काळी (मॅट पेपरसाठीची) आणि फोटो काळी (चकचकीत पेपरसाठीची) एकाच नोझलमधून, म्हणजे शाई सोडणाऱ्या छिद्रांतून, जातात, त्यामुळे दर बदलाला शाई वाया जाते. पी७०० मध्ये दोघींना वेगळी वाट आहे.

कार्ट्रिजचं गणितही बघा. प्रो-३०० चं १४.४ मिली, पी७०० चं २५, १७ इंची पी९०० चं ५०. मोठे प्रिंट नियमित काढणार असाल तर पी९०० वर जास्त खर्चलेले पैसे हळूहळू वसूल होतात.

याहून पुढे जायचं तर अमेरिकेतल्या जॉन कोन यांची पिझोग्राफी आहे: जुन्या एप्सनमध्ये रंग काढून नुसत्या काळ्या-करड्या कार्बन शायांच्या सात पायऱ्या भरायच्या. मॅट पेपरवर त्याची तोड सापडणं कठीण. पण त्या प्रिंटरवर रंगीत फोटो विसरायचे, शाया बाहेरून मागवायच्या आणि वॉरंटीची आशा सोडायची.

महिना-महिना प्रिंट काढत नसाल तर यातलं काहीच घेऊ नका. शाई उडवणारं हेड चोक होतं आणि साफ करण्यातच शाई संपते; विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तर लवकरच. अशांनी चांगल्या लॅबकडून पिगमेंट प्रिंट काढून घ्यावेत.

घेणारच असाल तर पैसे देण्याआधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची एक करडी पट्टी तुमच्या नेहमीच्या पेपरवर छापून मागा, आणि ती दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा.