रुंद फळी चिरायची: वखारीत न्यावी की घरी करवत धरावी?

जुना वाडा उतरवला की दारात सागाचा ढीग पडतो. जळगाव-धुळ्याकडे अजूनही दहा-बारा इंच रुंद, दीड इंच जाड फळ्या अशा मिळतात. त्यातली एक जाडीतून चिरून दोन पातळ केल्या, तर कपाटाच्या दोन्ही दारांवर एकाच लाकडाच्या रेषा समोरासमोर येतात. प्रश्न एवढाच, की चिरायची कशाने.

फळ्या भरपूर असतील तर सरळ वखार गाठा. बँडसॉवर, म्हणजे फिरत्या पट्टीच्या यंत्र-करवतीवर, काम मिनिटांत होतं आणि तिथे हाताचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण जुन्या लाकडात खिळे असतात. एक खिळा लागला तरी पात्याचे दात जातात, म्हणून वखारवाले असा माल घ्यायला नाखूश असतात. लोहचुंबक फिरवून, सगळे खिळे काढून मगच न्या. दोन-चारच फळ्या असतील आणि एखादी फार जपायची असेल, तर ती मी हातानेच चिरेन.

हातात दोन पर्याय. पहिला, साधी मुठीची करवत. उभं चिरायला इंचाला चार-पाच दात हवेत. बारीक दातांची करवत रुंद फळीत भुशाने तुंबते आणि माणूस दमतो. सहा-सात इंच रुंदीपर्यंत हिने छान जमतं. चारही कडांवर रेघ मारायची, कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि दर दोन-तीन इंचांनी फळी उलटून दुसऱ्या बाजूने चालायचं. आधी पडलेली चीर पात्याला वाट दाखवते. पात्याला मेण चोळा, चीर मिटायला लागली तर पाचर घाला.

दुसरा पर्याय चौकटीची करवत. लाकडी चौकटीच्या मधोमध ताणून बसवलेलं पातळ पातं, इंचाला तीन-चार दात, दोन्ही टोकांना एकेक माणूस. ताणामुळे पातं भरकटत नाही. दहा इंचांच्या पुढे माझी पसंती हिलाच. ती बनवावी लागते आणि जोडीला माणूस लागतो, हीच तिची अडचण. ओढून कापणारी जपानी करवत सांधे-खाचांना फार सुबक, पण इतक्या रुंद कठीण लाकडासाठी मी ती घेणार नाही.

हिशोब आधी करा. ३० मिमी जाडीत चीर २ मिमी खाते, उरतात १४-१४. प्रत्येक बाजूला दीड मिमी रंधा गेला की हातात ११ मिमीची फळी. पातं तीन मिमी भरकटलं, तर एक फळी आठावर येते.

भरकटतं ते बहुतेक वेळा धारेमुळे. सागात सिलिका असते, ती दात लवकर बोथट करते. सातपुड्याकडचा अंजन तर देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. त्यात बोथट करवत घातली की नुसती घासत राहते. म्हणून करवत घेतानाच ठरवा: कानस लागणारी की फेकायची? दातांची टोकं निळी-काळी दिसली तर ती कडक केलेली असतात, त्यांवर कानस घसरते. धार गेली की करवत संपली. ज्याला वर्षानुवर्षं चिरायचं आहे त्याने साध्या पोलादाचीच घ्यावी.

धार लावताना करवत उजेडाकडे धरून बघा. बोथट दाताच्या टोकावर बारीक पांढरा ठिपका चमकतो. आधी सपाट कानस वरून फिरवून सगळे दात एका उंचीला आणा. मग गरजेपुरते दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवा. तिकोनी कानस आडवी, पात्याशी काटकोनात धरा आणि पुढे ढकलतानाच दाब द्या, मागे येताना उचला. प्रत्येक दाताला सारखेच हात. ठिपका नाहीसा झाला की तिथेच थांबा. दात एका बाजूला जास्त वाकले असतील तर चीर त्याच बाजूला ओढते; त्या बाजूला बारीक दगड अलगद फिरवला की ती सरळ येते.

चिरलेल्या फळ्या लगेच वापरू नका. आतली ओल उघडी पडते आणि आपल्या एप्रिल-मेच्या झळांत त्या वाटीसारख्या वळतात. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचा, वर वजन ठेवा, आणि वळण थांबल्यावरच रंधा हातात घ्या.